नाशिकच्या आसपास ग्रॅव्हल सायकलिंग: पाट, पाणंद आणि गोदाकाठ

इंग्लंडमधले ग्रॅव्हल बाईकचे, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकलींचे, व्हिडिओ आपण सगळेच बघतो, हिरव्या टेकड्या, दोन्ही बाजूंनी झाडोऱ्याचं कुंपण, मधून पांढरट खडीची वाट आणि पुढे कुठल्यातरी नदीच्या काठाकाठाने सायकल चाललीय, आणि मग ग्रुपवर कोणीतरी हमखास टाकतं की आपल्याकडे असं कुठंय यार. आहे की! नाशिककरांकडे तर इतकं आहे की दर रविवारी वेगळी वाट धरली तरी वर्ष पुरणार नाही. फक्त आपण नाशिकचे सायकलवाले डांबरी रस्त्याचे, त्र्यंबक रोड, कसारा घाट, पेठ रोड, आणि त्यात आपला इतिहासही मोठा आहे, २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीममध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली तेव्हापासून घराघरात रोडबाईक आल्या. पण डांबर सोडून डावी-उजवीकडे वळलं की जे नाशिक दिसतं ते वेगळंच आहे.

इंग्लंडात एक सोय आहे ती आधी सांगतो कारण आपल्याला नेमकं कुठे वेगळं वागायचंय ते त्यावरून कळेल. तिथे वाट कोणाची हे नकाशावर छापलेलं असतं. १९६८ च्या कंट्रीसाइड अॅक्टने ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठीच्या जुन्या वाटांवर, सायकल चालवायचा हक्क दिला, अट एवढीच की चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. फुटपाथ म्हणून, म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी, नोंद असलेल्या वाटेवर मात्र तो हक्क नाही. विंचेस्टर ते ईस्टबोर्नचा साउथ डाउन्स वे, सुमारे १६० किमी, पूर्ण सायकलने करता येतो तो त्यामुळेच. आपल्याकडे असा छापील हक्क नाही, आपल्याकडे वाट कळते ती मातीवरून, महिन्यावरून आणि गावातल्या माणसाला विचारून. हे तीन जमलं की झालं, सायकल कितीची आहे हा प्रश्न फार नंतरचा.

तर आधी माती. नाशिकच्या पश्चिमेला, गिरणारे, त्र्यंबक, पहिने या बाजूला मुरूम आणि तांबूस माती, पाऊस प्रचंड पण पाणी निचरून जातं, पाऊस उघडला की एक-दोन दिवसांत वाट चालवण्यासारखी होते. पूर्वेला निफाड, सायखेडा, चांदोरी म्हणजे काळी कसदार जमीन, पाऊस तिथे कितीतरी कमी पण एक सर पडली तरी पाणंद बंद समजा. काळी माती टायरला चिकटते, मग फोर्क आणि टायरच्या मधल्या फटीत भरते आणि पन्नास-शंभर मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. तेव्हा जोर लावून पेडल मारायचं नाही, अजिबात नाही, कारण मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ओढला जाऊन तो ज्यावर लटकतो तो हँगर तुटतो आणि तो हँगर नाशिकमध्ये लगेच मिळेल याची खात्री नसते. उतरायचं, बाभळीची नाहीतर कुठलीही काटकी घेऊन चिखल खरवडायचा, सायकल खांद्यावर घ्यायची आणि डांबर गाठायचं. आपल्या सायकलचा एक जादा हँगर पिशवीत कायम ठेवा, तळहाताएवढाही नसतो तो.

म्हणून महिन्यांचं गणित साधारण असं बसतं. जून ते सप्टेंबर पश्चिमेला जा, पूर्वेचं नावही काढू नका. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत सगळीकडे मोकळं रान, त्यातही निफाडची थंडी एकदा अनुभवाच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात राज्यातलं नीचांकी तापमान नोंदवल्याची बातमी दर हिवाळ्यात येते ती काही उगाच नाही, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज नसतील तर ब्रेक दाबता येत नाही. मार्च ते मे पहाटे उजाडल्या उजाडल्या निघा आणि नऊच्या आत घरी या, सावली फक्त पाटाच्या कडेला मिळते.

आता पाटाचंच बोलतो कारण नवशिक्यासाठी याच्यासारखी जागा नाही. गंगापूर धरण हे १९६५ साली पूर्ण झालेलं मातीचं धरण, त्याचा डावा कालवा मखमलाबादवरून पुढे आडगावच्या बाजूला जातो. कालव्याच्या कडेला पाटबंधारे खात्याच्या गाड्यांसाठी मुरमाची वाट असते, चढ जवळजवळ नाही कारण पाणीच उताराने वाहायचंय, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला द्राक्षबागा नाहीतर भाजीपाला, आणि ट्रॅफिक म्हणजे एखादी मोटारसायकल. मखमलाबादहून धरणाकडच्या बाजूला जा, शहराच्या बाजूला वस्ती वाढलीय आणि कचराही. पाटावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची, आवर्तन. पाणी सोडलेलं असतं तेव्हा काठ झिरपतो, बाहेरच्या बाजूला वाट दलदलीची होते आणि मऊ झालेली कड पाण्यात सरकू शकते, त्यामुळे आवर्तन चालू असेल तर पाण्यापासून लांबच्या चाकोरीतून चालवा आणि दोघं शेजारी शेजारी तर मुळीच नको. पाटकरी भेटला तर थांबून नमस्कार करा, पुढची चारी, म्हणजे पाटाचा छोटा फाटा, कुठे फुटलीय, कुठल्या गेटवर साखळी लावलीय हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. धरणाच्या भिंतीवर जायचा प्रयत्न करू नका, तिथे मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

पाट जमला की गिरणारेचा फेरा करा, मला स्वतःला हा नाशिकमधला सगळ्यात सुंदर फेरा वाटतो. मखमलाबाद, मातोरी, मुंगसरा करत गिरणारे, तिथून धोंडेगावच्या बाजूला काश्यपी धरण आणि परत येताना दुगाव. मेन रस्ता डांबरीच आहे पण मातोरीच्या पुढे डाव्या-उजव्या हाताला शिवाररस्ते फुटतात ते एकमेकांना मिळत जातात आणि जमीन अशी वर-खाली होत राहते की सपाट असं काही नाहीच, छोटा चढ, छोटा उतार, ओढा, परत चढ. काश्यपीपर्यंत जाऊन आलात तर पन्नास किमीच्या आसपास होतं. पावसाळ्याच्या शेवटी टोमॅटोचा हंगाम असतो तेव्हा गिरणारे मार्केटकडे क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागते, त्या गाड्या घाईत असतात आणि त्यांचं बरोबर आहे, माल वेळेत पोचायला हवा, आपण बाजूला थांबायचं.

द्राक्षपट्ट्यात सायकल चालवताना फवारणीचं भान ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर सकाळी सकाळी ट्रॅक्टरवरचे ब्लोअर चालू असतात, लांबून पांढरा धुरळा दिसतो आणि आवाज येतो. वारा आपल्याकडे असेल तर थांबा, ती ओळ संपेपर्यंत पाच मिनिटं जातील पण औषध नाकातोंडात जाणार नाही. आणि बागेतल्या घडाला हात लावायचा नाही, एकही मणी नाही. एक्स्पोर्टच्या मालावर बोटाचा ठसा उमटून पावडर गेली तरी त्या शेतकऱ्याचं नुकसान होतं. मालक भेटला आणि त्याने स्वतः हातावर घड ठेवला, जे नाशिकला बऱ्याचदा होतं, तर गोष्ट वेगळी.

धरणाच्या दक्षिणेकडून गोवर्धन, सावरगाव, गंगावऱ्हे ही बाजूही छान, बॅकवॉटर उजव्या हाताला चमकत राहतं, पण वाइनरी आणि रिसॉर्टमुळे शनिवार-रविवार दुपारनंतर तिथे गाड्याच गाड्या, म्हणून सकाळीच उरका. तिथून आतल्या गावरस्त्यांनी विचारत विचारत त्र्यंबक रोडला निघता येतं.

अजून पुढे जायचंय तर बेझे. त्र्यंबकजवळचं हे गाव, इथे चक्रतीर्थ आहे, ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी इथे पुन्हा प्रकट होते असं मानतात. इथली गोदा म्हणजे खडकातून उड्या मारणारा ओढा आहे, रामकुंडावरची गोदा डोळ्यासमोर असेल तर विश्वास बसत नाही की ही तीच. बेझे करून अंजनेरीच्या पायथ्याने परत आलं की साठ-सत्तर किमीचा दिवस होतो. अंजनेरीच्या पायथ्याला हिंडा पण वर पठारावर सायकल नेऊ नका, २०१७ पासून ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प तिथल्या गवतात उगवतं, ज्याचं नावच या डोंगरावरून पडलंय. गवतातून एक टायर गेला की पुढच्या वेळी चार जातात. पहिन्याची बाजू पावसाळ्यात स्वर्ग आहे पण रविवारी तिथे मुंबईपर्यंतची गर्दी असते, आठवड्यात सुट्टी काढूनच जा.

गोदाकाठाचा मोठा रूट मात्र पूर्वेचा, आणि तो हिवाळ्यातच करायचा. शहरातला काठ सलग मिळत नाही, गोदापार्कचे तुकडे आहेत, मध्ये घाट आहेत, त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी कामं निघालीत, तेव्हा तपोवन नाहीतर दसक-पंचकच्या बाजूने सुरुवात करा. दक्षिण काठाने एकलहरे, मग तिथल्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी मागे पडली की नदी मोकळी होते, ऊस, कांदा, द्राक्षं, मध्ये मध्ये नदीकडे उतरणाऱ्या पाणंदी. सायखेडा-चांदोरीला पूल ओलांडता येतो. चांदोरीला नदीच्या पात्रात जुनी दगडी मंदिरं आहेत, पाणी कमी असेल तेव्हा दिसतात, सायकल काठावर लावून अर्धा तास तिथे बसाच. पुढे नांदूरमध्यमेश्वर, जिथे गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथलं पक्षी अभयारण्य, २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. चापडगावच्या गेटपाशी सायकल लावा आणि चाला, पेडल थांबवलं की मागच्या चाकातून येणारा फ्री-हबचा कर्र आवाज शांत पाण्यावर लांबवर जातो आणि बदकं उठतात. नाशिकपासून एका बाजूला साधारण चाळीस किमी, वाटेत आत-बाहेर केलंत तर पन्नास, त्यामुळे येता-जाता दोन्हीकडून काठानेच जायचा हट्ट नको, परतीला डांबर घ्या.

या पट्ट्यात बिबट्याचं वास्तव्य आहे, हे घाबरवायला सांगत नाहीये, ऊस म्हणजे त्याचं घरच झालंय आता. उसाच्या फडातून जाणाऱ्या पाणंदीत अंधारात शिरायचं नाही, पूर्ण उजाडल्यावर निघा, तिथे एकटे जाऊ नका, घंटी वाजवत आणि बोलत चला, सूर्य मावळायच्या आत डांबरावर या. इअरफोन घरी ठेवा.

आता विचारण्याची पद्धत, कारण रूटचा निम्मा भाग यावरच ठरतो. गुगलच्या सॅटेलाइट व्ह्यूमध्ये वाट मस्त दिसते पण ती बऱ्याचदा कोणाच्यातरी विहिरीपाशी नाहीतर कांदाचाळीपाशी संपते. रात्री घरी बसून लाइन आखा, झूम करून बघा की वाट दोन गावांना जोडते का एका घराला, जोडत असेल तरच धरा. आणि जागेवर गेल्यावर विचारा, पण "हा रस्ता पुढे जातो का" असं नका विचारू, त्याचं उत्तर नेहमी "जातो की" असंच येतं कारण पायी माणूस कुठेही जातो. असं विचारा:

"राम राम बाबा, इथून दूधवाल्याची मोटारसायकल जाती का पलीकडं?"

मग बाबा थांबतात, विचार करतात आणि खरं उत्तर देतात. "दूधवाला वरून जातो, त्या बाभळीपासून. खालून नका जाऊ, चारी फुटलीय, गुडघाभर गारा हाये." दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल जिथून रोज जाते तिथून ग्रॅव्हल बाईक शंभर टक्के जाते, ही माझी सगळ्यात भरवशाची कसोटी. बाई माणूस असेल तर मावशी, ताई म्हणा, सायकलवरून उतरून, गॉगल काढून बोला. वाट कोणाच्या मळ्यातून, घराच्या अंगणातून जात असेल तर विचारल्याशिवाय शिरू नका, वहिवाटीवरून गावात भांडणं असतात आणि आपल्यामुळे ती पेटायला नकोत.

मळ्यातली कुत्री सायकल पळाली की पळतात. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा, वस्ती संपली की ती आपोआप मागे फिरतात. दगड उचलू नका, तो त्यांच्या घराचा राखणदार आहे.

काही वाटा मात्र कितीही भारी दिसल्या तरी सोडायच्या. देवळालीच्या मागच्या माळावर जीपच्या चाकोऱ्या दिसतात, बघूनच मन होतं, पण ती तोफखान्याची फायरिंग रेंज आहे, बहुला किल्लाही त्याच हद्दीत येतो. तसंच बोरगडावर हवाई दलाचं ठाणं आहे, फलक दिसला की परत फिरा. आणि पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर, मग ते घोट्याएवढं का असेना, ओलांडायचं नाही. फरशीवर शेवाळ असतं, सायकलचं चाक आडवं जातं आणि पाणी वरून दिसतं त्याच्यापेक्षा जोरात ओढतं.

सायकलचं थोडक्यात. ग्रॅव्हल बाईकच हवी असं काही नाही, ३८ मिमीच्या पुढचा टायर बसणारी हायब्रिड किंवा घरातली जुनी एमटीबी सुरुवातीला पुरेशी आहे. सगळा फरक टायरमधल्या हवेत आहे. आपल्याकडे लोक टायर दगडासारखा टणक करून निघतात, मग मुरमावर चाक उड्या मारतं आणि मनगटं दुखली म्हणून ग्रॅव्हल सोडून देतात. ४० मिमी ट्यूबलेस टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर ३५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं) आसपास सुरू करा, पुढच्या चाकात दोन-तीन कमी, ट्यूब असेल तर ४५ पर्यंत. चालवून बघा, चाक अजून उड्या मारतंय तर दोन-दोनने कमी करा, खड्ड्यात रिमला ठक्क आवाज आला की जास्त उतरवलीय, परत दोन भरा. घरी आल्यावर आकडा लिहून ठेवा.

आणि काटे! नाशिकच्या ग्रॅव्हलचा खरा शत्रू चढ नाही, सराटा आहे. पाऊस संपला की बांधावर सराटे वाळतात आणि त्यातून एकदा सायकल गेली की दोन्ही टायरला पाच-सहा काटे चिकटलेले असतात. शक्य असेल तर ट्यूबलेस करून घ्याच, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे सीलंट, म्हणजे टायरच्या आतलं छिद्र बुजवणारं द्रव, फार लवकर सुकतं तेव्हा मार्च ते मे दर महिन्याला टायर हलवून आतून आवाज येतो का बघा, नसेल येत तर टाका. बारीक काटा अडकलाय पण हवा जात नाहीये तर वाटेत उपटू नका, घरी आल्यावर काढा. काढताना छिद्र खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवा म्हणजे सीलंट तिथे जाऊन बसेल. ट्यूब वापरत असाल तर नवीन ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, बाभळीच्या काट्याचं टोक तुटून आत राहतं आणि दोन किमीवर परत पंक्चर होतं. फडकंच फिरवा, बोट नको.

चालवताना खडी टाकून ठेवलेला, अजून न दाबलेला रस्ता लागला तर वजन मागे, हात सैल, पुढचा ब्रेक विसरा आणि नजर दहा फूट पुढे, चाकाखाली बघितलं की पडायला होतं. मुरमाच्या उतारावर वळताना बाहेरचा पाय खाली. चाकोरीत शिरलात तर चाकोरीतच राहा, मध्येच बाहेर यायची घाई नको. पाणी दोन लिटर घ्या, गावात हापसा, हॉटेल मिळतं पण पाणंदीत तासभर काही मिळत नाही. मिसळ परतीला खा, रस्सा पिऊन चढावर सायकल चालवणं जड जातं.

घरी आल्यावर चेन त्याच दिवशी पुसा, मुरमाची लाल धूळ तेलात मिसळली की पॉलिशपेपरचं काम करते. आणि स्ट्राव्हावर, म्हणजे राइडची नोंद ठेवणाऱ्या अॅपवर, राइड टाकताना एवढं करा, ज्या तुकड्यात कोणी आपल्याला त्यांच्या मळ्यातून, अंगणातून जाऊ दिलं असेल तो तुकडा कापून मगच लाइन ग्रुपवर शेअर करा. त्या बाबांनी वाट आपल्याला दिली होती, पुढच्या रविवारी तिथे पंधरा जण गेले तर मध्ये गेट लागेल.